महिन्याच्या महिन्याला येणारा ताप आणि टॉन्सिल्सचं ऑपरेशन

पत्र

डॉक्टर मॅडम, माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. गेले चौदा महिने त्याला दर महिन्याला ताप येतो. 103-104 पर्यंत चढतो, चार-पाच दिवस राहतो. घसा लालभडक होतो, टॉन्सिल्सवर पांढरे ठिपके दिसतात, गळ्याला गाठी येतात, कधी तोंडही येतं. सर्दी-खोकला मात्र नसतो. दर वेळी अँटिबायोटिक होतं. मधल्या दिवसांत पोरगा अगदी ठणठणीत, खातो-पितो, दिवसभर धुडगूस घालतो. वजन 16 किलो. मोठी मुलगी त्याच्याच अंथरुणात झोपते, पण तिला एकदाही लागण झाली नाही. एका डॉक्टरांनी टॉन्सिल्स काढायला सांगितलंय, दुसरे म्हणतात एवढ्या लहान वयात हात लावू नका. रक्ततपासणीत एएसओ वाढलाय म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं, असंही एकांनी सुचवलं. सासूबाई म्हणतात, "अवसेच्या आसपासच पोराला ताप भरतुया. आन् टॉन्सिल काढल्यावर अंगातली ताकदच जाईल त्याच्या." मी शिरोली एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, सगळ्या रजा संपल्यात. आइस्क्रीम, थंड पाणी, फ्रीजमधलं सगळं बंद केलंय. माझंच काही चुकतंय का? ऑपरेशन करावं का?
— एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं काही चुकलेलं नाही. थंड पाण्याने असा ताप येत नाही आणि आइस्क्रीम बंद केल्याने तो थांबत नाही. चौदा महिने त्या पोराने गारेगार काही चाखलेलं नाही, तरी ताप आलाच ना?

पत्रासोबत तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानांचे फोटो पाठवलेत. दुधाचा खाडा मांडायच्या चौकोनांत, "अर्धा लिटर जादा"च्या शेजारी, लाल पेनाने तापाचा बारीक "ता" लिहिलाय. 9 जून, 6 जुलै, 4 ऑगस्ट, 31 ऑगस्ट. तुमच्या जाडजूड फाईलमधल्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा मला ही चार पानं जास्त मोलाची वाटली. मी मधले दिवस मोजले: 27, 29, 27. साध्या व्हायरल तापाला असं कॅलेंडर पाळता येत नाही. बालवाडीत जाणारं मूल वर्षातून सहा-आठ वेळा आजारी पडतं, ते अगदी स्वाभाविक आहे. पण ते आजारपण कधी दहा दिवसांनी येतं, कधी दोन महिन्यांनी. त्यात नाक गळतं, खोकला येतो, घरातली बाकीची पोरंही पाठोपाठ झोपतात. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचं नवं पाणी निघतं, त्या दिवसांत माझ्या ओपीडीत बसायला जागा नसते, ते ताप हे असे. तुमच्या घरात मात्र एकाच अंथरुणातली बहीण चौदा वेळा कोरडी राहिली. म्हणजे हा ताप कुणाकडून आलेला नाही आणि कुणाला लागतही नाही.

सासूबाईंवर रागावू नका. ताप ठरावीक अंतराने येतोय, हे घरात त्यांनी सगळ्यांत आधी ओळखलं. फाईल उघडून बसलेल्या आम्हा डॉक्टरांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी लावलेला अर्थ तेवढा चुकला. अमावास्या साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते आणि बाळाचा ताप सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी. दर खेपेला दोनेक दिवसांचा फरक पडत जाईल आणि सहा महिन्यांत हा ताप पौर्णिमेकडे सरकलेला दिसेल. त्यांना पंचांग घेऊनच दाखवा.

तुम्ही लिहिलेलं चित्र ज्या आजाराशी जुळतं त्याचं नाव पीएफएपीए. डॉक्टर बोलताना "पीफापा" म्हणतात. ठरावीक अंतराने ताप, तोंड येणं, घशाला सूज आणि मानेच्या गाठी, या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. 1987 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा 12 मुलांचं वर्णन पहिल्यांदा छापलं. हा आजार बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतो. ताप तीन ते सहा दिवस टिकतो, तीन ते सहा आठवड्यांनी परत येतो आणि मधल्या काळात मूल पूर्ण बरं असतं, वाढही नीट होते. तापात रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, आणि पांढऱ्या पेशी चांगल्याच चढतात, मग मूळ पदावर येतात. जंतू काही सापडत नाही. शरीराची जन्मजात संरक्षणयंत्रणा जंतूशिवायच पेटते, इंटरल्युकिन-1 सारखी दाहाची रसायनं रक्तात वाढतात आणि काही दिवसांत आपोआप शांत होतात.

म्हणजे अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. हे लिहिताना मला कागल भागातला एक मुलगा आठवतो. माझी प्रॅक्टिस नवी होती. त्याची आजी त्याला खांद्यावर टाकून एसटीने आणायची. वर्षभरात अकरा वेळा मी त्याला अँटिबायोटिक लिहून दिलं. दर खेपेला पाचव्या दिवशी ताप उतरायचा, आजी हात जोडायची आणि मी समजायचे की औषध लागू पडलं. तो ताप पाचव्या दिवशी उतरणारच होता, औषध दिलं असतं तरी आणि नसतं तरी. त्या आजीने एकदा विचारलंही होतं, "बाई, एवढं औषध देऊन परत कसा येतो हो?" प्रश्न बरोबर होता. मी तो पुरता ऐकला नाही. आजही एखादी आई "दर महिन्याला" असं म्हणाली की मी पेन खाली ठेवते आणि आधी तारखा विचारते.

एएसओचं थोडक्यात सांगते. तो वाढलेला असणं म्हणजे पूर्वी कधीतरी स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग होऊन गेला, एवढंच. शाळकरी वयात असे आकडे पुष्कळ मुलांत सापडतात. दर 21 दिवसांचं पेनिसिलिन हे संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलांच्या हृदयाच्या झडपा जपण्यासाठी असतं. तुमच्या मुलाचे सांधे सुजलेले नाहीत, हृदयाची तपासणी फाईलप्रमाणे नॉर्मल आहे. नुसत्या एएसओच्या आकड्यावर ते दुखरं इंजेक्शन मी दिलं नसतं.

आता ऑपरेशन. एक गोष्ट आधी मनात पक्की करा. टॉन्सिल्स काढायचं ऑपरेशन एकच असलं तरी ते वेगवेगळ्या कारणांसाठी करतात. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलात करतात, तिथे साधारण हिशेब असा असतो: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा खरोखरीचा घसा धरलेला असावा. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलात करतात. आणि पीफापातही करतात. पण ठरावीक अंतराने ताप आणणारे काही आजार असेही आहेत, ज्यांत टॉन्सिल्स काढून काहीही साधत नाही. म्हणून "चौदा वेळा ताप आला, काढून टाका" हे मला पटत नाही आणि "लहान आहे, हात लावू नका" हेही पटत नाही. आधी हा ताप कोणता ते ठरू द्या.

त्या दुसऱ्या आजारांतला एक तर मला नेहमी धाकात ठेवतो. त्याचं नाव सायक्लिक न्यूट्रोपेनिया. त्यात साधारण 21 दिवसांच्या फेऱ्याने रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खाली जातात, तेव्हाच ताप येतो, तोंड येतं, गाठी सुजतात. वरून पाहिलं तर थेट पीफापासारखंच. पण या मुलाला जंतुसंसर्गाने गंभीर धोका होऊ शकतो. पीफापाच्या तापात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, इथे न्यूट्रोफिल घटलेले सापडतात. शंका आली तर सहा आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून बघतात. टोचून टोचून पोर रडतं, आईचा जीव खालीवर होतो, मला कळतं. पण शंका असताना ही तपासणी न करता ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ नये. तुमच्या मुलाचे दोन फेऱ्यांतले सीबीसी फाईलमध्ये आहेत. दोन्ही तापातले आहेत आणि दोन्हींत न्यूट्रोफिल भरपूर आहेत. तारखांचं अंतरही 21 नाही. हे चांगलं लक्षण आहे.

दुसरा गट जनुकांतून येणाऱ्या तापांचा. फॅमिलिअल मेडिटेरेनियन फीवरमध्ये ताप एक ते तीन दिवसच टिकतो आणि पोट किंवा छाती भयंकर दुखते. त्यावर कोल्चिसिन नावाची गोळी नेमाने घ्यावी लागते, नाहीतर पुढे मूत्रपिंडं बिघडतात. काहींत अंगावर पुरळ उठतं, सांधे सुजतात, थंडीत चट्टे येतात, लस दिल्यावर ताप उसळतो, जुलाब होतात. ताप वर्षाच्या आतच सुरू झालेला असणं, वजन-उंची मागे पडणं, दोन तापांच्या मधेही मूल मलूल राहणं, घरात कुणाला तरुणपणी किडनीचा आजार असणं, यांतलं काहीही असेल तर मी थांबेन आणि जनुकीय तपासणीचा विचार करेन. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, तरी मुलाच्या बाबांकडच्या आणि तुमच्या माहेरच्या मंडळींना एकदा विचारून घ्या. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू, क्षयरोग आणि लघवीतला संसर्ग तपासून झाल्याचं फाईलमध्ये दिसतंय, ते बरं झालं.

हे सगळं पार पडलं आणि पीफापावर शिक्कामोर्तब झालं, तर ऑपरेशनने फरक पडतो का? पडतो, आणि त्याला पुरावा आहे. 2007 मध्ये फिनलंडमध्ये 26 मुलांवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी करून 14 मुलांचे टॉन्सिल्स काढले, 12 मुलांचे काढले नाहीत. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेली चौदाच्या चौदा मुलं तापातून सुटली होती. 2009 मध्ये इटलीत 39 मुलांवर असाच अभ्यास झाला. तिथे टॉन्सिल्सबरोबर नाकामागचे ॲडिनॉइडही काढले आणि दीड वर्ष पाठपुरावा केला. ऑपरेशन झालेल्या 19 पैकी 12 मुलांचा ताप पूर्ण थांबला, न झालेल्या 20 पैकी एकाचाच. म्हणजे काही मुलांना ऑपरेशननंतरही ताप आला, हेही त्यातच दिसतं. दोन्ही अभ्यास मिळून मुलं 65, संख्या लहानच. पण दोन्हींचा कौल एकाच बाजूला आहे.

फिनलंडच्या अभ्यासातला एक आकडा मात्र मी मुद्दाम मागे ठेवला होता. ऑपरेशन न केलेल्या 12 मुलांपैकी सहाजणांचा ताप त्याच सहा महिन्यांत आपोआप थांबला. पीफापा बहुतेक मुलांत मोठेपणी टिकत नाही, वयाच्या दहा-बारा वर्षांच्या आत बहुतेकांची सुटका होते. हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कशालाच तो इजा करत नाही. 104 ताप बघून घाबरायला होतं, पण या तापाने "डोक्यात ताप जाऊन" मेंदू बिघडत नाही. तेव्हा ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही. ते तुमच्या हातात असलेला एक चांगला मार्ग आहे.

त्याआधी एक औषधही आहे. ताप सुरू होताच प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टेरॉइडचा, वजनाच्या हिशेबाने एक डोस दिला, तर पीफापातला ताप बहुधा काही तासांत उतरतो. स्टेरॉइड म्हटलं की आया दचकतात. महिन्यातून एखादा डोस आणि रोज घेतलेलं स्टेरॉइड यांत पुष्कळ अंतर आहे. त्याची अडचण वेगळीच आहे. ते चालू असलेला ताप तोडतं, पुढचा ताप अडवत नाही. उलट काही मुलांत पुढचा ताप लवकर यायला लागतो, महिन्याचा पंधरवड्यावर येतो. आणि निदान पक्कं नसताना घरच्या घरी दिलं तर खरा जंतुसंसर्ग झाकून टाकतं. म्हणून हा डोस डॉक्टरांनी घसा बघून, स्वतः सांगितल्यावरच द्यायचा. काही मुलांना नेमाने कोल्चिसिन देऊन तापांची संख्या कमी करता येते, त्याचाही डॉक्टरांशी बोलताना विषय काढा.

"टॉन्सिल्स काढले की अंगातली ताकद जाते" ही भीती माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येते. टॉन्सिल्स प्रतिकारशक्तीचा भाग आहेत, हे खरंच. पण घशात, जिभेच्या मुळाशी, मानेत, आतड्यात तेच काम करणाऱ्या पेशींचा मोठा पसारा असतो. टॉन्सिल्स काढलेली मुलं दुबळी होत नाहीत. आवाज काही दिवस नाकात बोलल्यासारखा येतो, मग पूर्ववत होतो. चार वर्षं हे वय अडचणीचं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांत मात्र जास्त सावधगिरी लागते.

जोखीम लपवणार नाही. पूर्ण भूल द्यावी लागते. काम तोंडातूनच होतं, बाहेर टाका नाही, अर्धा-पाऊण तास पुरतो, एक रात्र दवाखान्यात राहावं लागतं. खरी परीक्षा घरी आल्यावर असते. आठ-दहा दिवस घसा दुखतो, कानही दुखतात आणि पोर पाणी प्यायला नकार देतं. टॉन्सिल्सच्या जागी पांढरी साय धरते, तोंडाला वास येतो. तो पू नाही, जखम भरतेय. पॅरासिटामॉल घड्याळ लावून द्या, रडायची वाट बघू नका. कोडीन असलेलं औषध आणि ॲस्पिरिन अजिबात नको. गार दूध, ताक, मऊ दहीभात चालेल, आणि हो, आइस्क्रीमही. भडंग, चिवडा, टोस्ट आणि झणझणीत रस्सा दोन आठवडे दूर ठेवा.

रक्तस्राव हा मुख्य धोका. तो पहिल्या 24 तासांत होऊ शकतो, नाहीतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, वरची साय सुटताना. शंभरात थोड्याच मुलांना होतो, पण झाला तर घरी बसायचं नाही. झोपेत मूल सारखं सारखं काहीतरी गिळतंय, लाल थुंकी पडली, उलटीत रक्त दिसलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट दवाखान्यात जायचं. म्हणून ऑपरेशननंतर दोन आठवडे विश्रांतीसाठी गगनबावड्याला आजोळी पाठवणं वगैरे नको. कोल्हापुरातच राहा, सीपीआरचं सरकारी रुग्णालय किंवा जिथे ऑपरेशन झालं तो दवाखाना हाकेच्या अंतरावर असू द्या. ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगा की घरात कुणाला दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं का, बाळाचा एखादा दात हलतोय का. आणि तारीख दोन तापांच्या बरोबर मध्यावर मागा. इतर मुलांच्या बाबतीत हे जमवता येत नाही, तुमच्याकडे कॅलेंडर आहे.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? उद्याच ऑपरेशनची तारीख घेतली नसती. आणखी दोन-तीन फेरे नीट नोंदवले असते. बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा डॉक्टर या दोघांना एकच वही दाखवली असती. शंका उरली तर पुण्या-मुंबईतल्या लहान मुलांच्या संधिवाततज्ज्ञांचं मत एकदा घेतलं असतं. निदान पक्कं झाल्यावर स्टेरॉइडचा डोस करून बघितला असता. त्याने ताप जवळ जवळ यायला लागले किंवा अजून वर्ष-दोन वर्षं हे असंच काढायचं या विचारानेच घर खचत असेल, तर ऑपरेशन केलं असतं आणि मनाला लावून घेतलं नसतं. चौदा महिन्यांतले साठ-सत्तर दिवस त्या पोराने तापात काढलेत. त्याची बुडलेली बालवाडी, तुमच्या संपलेल्या रजा, रात्र-रात्र भिजवलेल्या पट्ट्या, हे सगळं निर्णयात धरायचं असतं. "आजार जीवघेणा नाही ना, मग सोसा" असं आयांना सांगणं मला पटत नाही. तो रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल, तर मात्र ऑपरेशनचं पारडं लवकर जड होतं. आज रात्री दहा मिनिटं त्याच्या उशाशी बसून ऐका, शक्य असेल तर मोबाईलवर टिपून ठेवा.

तुमच्या हिशेबाने पुढचा ताप 27-28 सप्टेंबरच्या आसपास यायला हवा. आला, तर अँटिबायोटिकचा पहिला चमचा देण्याआधी घशाचा स्वॅब आणि सीबीसी, सीआरपी करून घ्या. ताप जाऊन दहा दिवस झाल्यावर तेच रक्त पुन्हा तपासा. स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकॉकस निघाला तर त्या वेळी अँटिबायोटिक पूर्ण द्यायचं. आणि ताप कॅलेंडरप्रमाणे आला म्हणून गाफील राहू नका: श्वासाला त्रास, लाळ गळणं, मान ताठणं, लघवी कमी होणं, आकडी, अंगावर जांभळे डाग, यांतलं काही दिसलं तर तो नेहमीचाच ताप आहे असं धरू नका, लगेच दाखवा. अवेळी आलेला प्रत्येक तापही दाखवा.

एक दोनशे पानी वही आणा. तारीख, सकाळ-संध्याकाळचा ताप, तोंड आलंय का, गाठी किती, काय खाल्लं, कोणतं औषध, एवढंच लिहायचं. तुम्ही दिवसभर शिरोलीला असता, तेव्हा ही वही आणि थर्मामीटर सासूबाईंच्या हाती द्या. त्यांना आकडे लिहायला जमत नसतील तर मोठी मुलगी लिहील, त्या सांगतील. ताप अमुक दिवसांनी येतो, हे त्यांनीच तर पहिल्यांदा सांगितलं होतं.